प्रकल्पातला प्रश्न कोणी ठरवायचा? विद्यापीठातील प्रकल्पाधारित शिक्षण आणि सर्जनशील समस्या-निराकरण

धागाकर्ता

विद्यापीठीय अभ्यासक्रमांत प्रकल्पाला आता गुण आहेत, वेळापत्रकात तास आहेत आणि प्रत्येक गटाला मार्गदर्शकही आहे. तरीसुद्धा अंतिम वर्षाचे अहवाल एकापाठोपाठ एक वाचायला घेतले, तर बहुतेकांत विषय मार्गदर्शकाने सुचवलेला, पद्धत आधीच्या तुकडीच्या अहवालातून आलेली आणि निष्कर्ष काम सुरू होण्याआधीच सांगता आला असता असा दिसतो. विद्यार्थी पाट्या टाकतात असे मला म्हणायचे नाही. त्यांतले कितीतरी जण रात्री जागून काम करतात. पण ते कष्ट दुसऱ्याने ठरवून दिलेल्या गोष्टीच्या अंमलबजावणीत खर्ची पडतात, आणि सर्जनशील विचारशक्तीचा विकास हे उद्दिष्ट अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत छापलेले तेवढे राहते.

माझे म्हणणे असे आहे की समस्या सोडवण्यातली सर्जनशीलता बऱ्याच अंशी समस्येच्या मांडणीत असते, आणि नेमकी ती मांडणी आपण विद्यार्थ्यांच्या हाती येऊच देत नाही. प्रश्न, त्याच्या मर्यादा, वापरायची साधने आणि अपेक्षित फलित हे सारे आधी ठरवून दिले, की उरते ते कौशल्याचे काम. ते आवश्यक आहे, पण त्याला सर्जनशील म्हणता येत नाही.

ही काही नवी तक्रार नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी 1918 साली प्रकल्पपद्धतीवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी प्रकल्पाचे चार टप्पे मानले होते: हेतू ठरवणे, आखणी करणे, अंमलबजावणी करणे आणि केलेल्या कामाचे परीक्षण करणे. हे चारही टप्पे शक्यतो शिकणाऱ्याने स्वतः पार पाडावेत, असा त्यांचा आग्रह होता. आज पहिले दोन टप्पे मार्गदर्शक उरकतो, चौथा परीक्षक उरकतो आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला फक्त तिसरा येतो.

मांडणीला एवढे महत्त्व का द्यायचे, याचा मला पटलेला पुरावा कलाशिक्षणातून आलेला आहे. जेकब गेट्झेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील 31 विद्यार्थ्यांसमोर दोन टेबले आणि 27 वस्तू ठेवल्या, आणि त्यांतल्या हव्या त्या वस्तू निवडून, मांडून त्यांचे चित्र काढायला सांगितले. काहींनी दोन-चार वस्तू उचलल्या, मांडल्या आणि लगेच रेखाटनाला सुरुवात केली. काहींनी मात्र पुष्कळ वस्तू हाताळल्या, त्या जवळून निरखल्या, मांडणी बदलली आणि चित्र काढता काढताही ती पुन्हा बदलली. कोणाचे चित्र कसे तयार झाले हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी दुसऱ्या गटाची चित्रे अधिक नावीन्यपूर्ण ठरवली. 1976 साली हे काम पुस्तकरूपाने आले, तोवर काही वर्षे उलटली होती, आणि प्रश्न शोधण्यात वेळ घालवणारे ते विद्यार्थी चित्रकार म्हणूनही तुलनेने अधिक यशस्वी ठरल्याचे दिसून आले होते.

अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या बाजूचे उदाहरण स्टॅनफर्ड विद्यापीठातील आहे. अत्यल्प खर्चातील डिझाइन शिकवणाऱ्या तिथल्या एका अभ्यासक्रमात 2007 साली एका विद्यार्थी-गटाला अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्वस्त इन्क्युबेटर तयार करण्याचे काम मिळाले. गट वर्गातच बसून राहिला असता, तर यंत्राचे सुटे भाग स्वस्त करण्याचा एखादा उपाय सुचला असता. गटातला एक जण नेपाळमध्ये जाऊन आला, तेव्हा रुग्णालयांतले इन्क्युबेटर रिकामे पडलेले आढळले, कारण ज्या बाळांना त्यांची गरज होती ती दूरच्या खेड्यांत घरीच जन्माला येत होती आणि रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. इथून प्रश्न बदलला. विजेवर सतत अवलंबून नसलेले, आईच्या हातात देता येईल असे ऊब टिकवणारे साधन हवे, असा तो झाला. त्यातून शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळणारा पदार्थ भरलेली, बाळाला गुंडाळण्याची पिशवी तयार झाली आणि पुढे ‘एम्ब्रेस’ या नावाने ती प्रत्यक्ष वापरात आली.

इतक्या दूर न जाताही हे घडू शकते. आमच्या एका गटाला ‘ग्रंथालयात बसायला जागा अपुरी पडते’ एवढेच वाक्य दिले होते. पहिल्याच बैठकीत खुर्चीखाली संवेदक (सेन्सर) बसवून मोकळ्या जागा मोबाइलवर दाखवण्याची कल्पना पुढे आली आणि गट लगेच संवेदकांच्या किमती शोधू लागला. दोन आठवडे कोणीही उपायाचे नाव काढायचे नाही, अशी अट मी घातली. तेव्हा एका विद्यार्थिनीने वाचनकक्षाचा नकाशा काढला आणि दर अर्ध्या तासाने प्रत्येक खुर्चीवर तीनपैकी एक खूण करायला सुरुवात केली: माणूस बसलेला, नुसते सामान ठेवलेले, पूर्ण रिकामी. दुपारच्या नकाशांवर सामानाच्या खुणा भरगच्च होत्या. शिवाय भिंतीलगतच्या जागा कायम भरलेल्या आणि मधल्या रांगा बऱ्याचदा मोकळ्या, कारण विजेचे सॉकेट फक्त भिंतीला होते.

खुर्च्या पुरेशा होत्या. तासाला जाताना बॅग ठेवायला दुसरी जागा नव्हती. गटाने मग ‘मी अमुक वाजता परत येईन’ असे लिहिण्याची पुठ्ठ्याची कार्डे तयार करून एका रांगेत ठेवली. वेळ उलटून गेली तरी कोणी दुसऱ्याच्या जागेवर बसेना. विचारल्यावर कळले की परक्याची बॅग हलवायला लोकांना संकोच वाटतो. म्हणजे तिसऱ्यांदा प्रश्न बदलला, आणि शेवटी टेबलाखाली सामानाचा कप्पा आणि त्यासंबंधीचा साधा नियम, असा प्रस्ताव ग्रंथपालांकडे गेला. त्यात संवेदक नव्हता, मोबाइलचा उपयोगही नव्हता. तांत्रिक गुंतागुंतीवर गुण देणाऱ्या परीक्षकाला हा प्रकल्प किरकोळ वाटला असता. माझ्या मते त्या तुकडीतले ते सर्वांत सर्जनशील काम होते.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. प्रश्न उघडा ठेवण्याची मर्यादा कोणत्या वर्षाला किती असावी? आणि अशा कामाचे मूल्यमापन न्याय्य रीतीने कसे करावे?

प्रतिसाद 1 (संगणकशास्त्राचे अध्यापक)

धागा आवडला, पण एका बाबतीत मी सावध राहीन. विषयाचा पाया कच्चा असताना प्रश्न मोकळा सोडला, तर विद्यार्थी सर्जनशील होत नाहीत, ते गोंधळतात. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी 2006 साली हाच मुद्दा फार ठामपणे मांडला होता: नवशिक्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार करताना एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणारी माहिती, मर्यादित असते, आणि मार्गदर्शनाविना शोध घ्यायला लावले, तर तिचा मोठा हिस्सा नुसते चाचपडण्यातच जातो, शिकण्यासाठी फारसे काही उरत नाही. सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासणे नवशिक्याला अधिक लाभदायक ठरते.

माझ्या वर्गात मी हे पाहतो. ज्यांना विदासंचाची (डेटाबेसची) रचना कशी असावी हे नीट कळलेले नाही, त्यांच्याकडून ‘काहीतरी वेगळे करा’ म्हटल्यावर जे येते ते वेगळे नसते, जालावर सहज सापडणारे असते. कल्पना सुचण्यासाठी डोक्यात आधी कच्चा माल असावा लागतो. सिंडी मेलो-सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये या तिघांना उत्तर देताना म्हटले की चांगल्या समस्याधारित शिक्षणात मार्गदर्शन कमी नसते, त्यात पदोपदी आधार दिलेला असतो. ते मला मान्य आहे, पण तो आधार उभा करायला शिक्षकाचा जो वेळ लागतो, त्याचा हिशोब धाग्यात दिसला नाही.

प्रतिसाद 2 (डिझाइनच्या शिक्षिका)

वरील प्रतिसादातील पहिला भाग योग्य आहे, मात्र सोडवून दाखवलेल्या उदाहरणांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना डिझाइनचे काम देताना सोबत एक नमुना दाखवला आणि काहींना दाखवला नाही. नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत त्या नमुन्याची वैशिष्ट्ये मोठ्या प्रमाणात उतरली, आणि त्यात नमुन्यातले दोषही आले. न सांडणाऱ्या पेल्याच्या कामात स्ट्रॉ वापरू नये अशी स्पष्ट सूचना होती. नमुन्यात स्ट्रॉ होती, तर सूचना वाचूनही काहींनी ती आपल्या आराखड्यात घेतली. या प्रयोगांत भाग घेणाऱ्यांमध्ये व्यावसायिक अभियंतेही होते, त्यामुळे हा केवळ नवशिक्यांचा दुबळेपणा नाही.

म्हणून मी आधीच्या तुकड्यांचे अहवाल सुरुवातीला वाचायला देत नाही. तंत्र शिकवताना उदाहरणे भरपूर सोडवून घ्यावीत, पण प्रकल्पाच्या प्रश्नाशी मिळतीजुळती तयार उत्तरे विद्यार्थ्यांचे स्वतःचे चार-पाच आराखडे कागदावर येईपर्यंत समोर आणू नयेत, असा क्रम मला फलदायी वाटतो.

आणखी एक बाब इथे आवर्जून सांगते, कारण ती अमलात आणायला काहीच खर्च येत नाही. बहुतेक गट एकच कल्पना निवडतात आणि तिलाच पॉलिश करत बसतात. स्टीव्हन डाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली जालावरील जाहिराती तयार करणाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांनी तेवढेच नमुने केले आणि सर्वांना तेवढेच अभिप्राय मिळाले. फरक इतकाच, की काहींना प्रत्येक नमुन्यानंतर लगेच अभिप्राय मिळाला, तर काहींनी आधी अनेक नमुने केले आणि मग त्या सर्वांवर एकत्र अभिप्राय घेतला. दुसऱ्या गटाच्या जाहिराती सरस ठरल्या, त्यांच्या कल्पनांत विविधता अधिक होती आणि त्यांचा आत्मविश्वासही वाढला. एकच नमुना पुढे ठेवला की त्यावरची टीका स्वतःवरची टीका वाटते. तीन नमुने शेजारी शेजारी ठेवले, की चर्चा आपोआप त्या नमुन्यांमधल्या फरकाबद्दल होते आणि विद्यार्थी टीका ऐकून घेऊ शकतात. त्यामुळे माझ्या वर्गात पहिल्या सादरीकरणाला एकच आराखडा घेऊन येणाऱ्या गटाला मी बोलायला उभे करत नाही.

प्रतिसाद 3 (अंतिम वर्षाची विद्यार्थिनी)

सर्व शिक्षकांनी एवढे मनापासून लिहिले आहे, म्हणून विद्यार्थ्यांची बाजूही मांडावीशी वाटली. आम्ही सुरक्षित विषय निवडतो, कारण सुरक्षित विषयाला गुण मिळतात. प्रकल्पाचे गुण एकूण निकालात मोठे असतात, अंतिम सादरीकरणाच्या दिवशी यंत्र चालले तर ते मिळतात आणि चालले नाही तर जातात. अशा वेळी सत्राच्या मध्यावर ‘आपला प्रश्नच चुकीचा होता’ हे लक्षात आले, तरी गट ते बोलून दाखवत नाही. मार्गदर्शकांची मंजुरी मिळालेला विषय बदलायचा, तर अर्ज, सह्या आणि पुन्हा मंजुरी हे सगळे करावे लागते. त्यापेक्षा चुकीच्या प्रश्नाचे नीटनेटके उत्तर देऊन मोकळे होणे सोपे पडते.

वरच्या ग्रंथालयाच्या उदाहरणात गटाने तीनदा प्रश्न बदलला, हे वाचून आनंद झाला. आमच्याकडे पहिल्या बदलालाच ‘नियोजनाचा अभाव’ असा शेरा मिळाला असता. आम्हाला धोका पत्करायला सांगण्यापूर्वी तो पत्करणाऱ्याचे नुकसान होणार नाही, एवढी हमी नियमांत असावी, ही विनंती आहे.

धागाकर्ता

आपल्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य प्रत्येक विभागप्रमुखाने वाचावे असे आहे. गुणदानाबद्दल सविस्तर पुढे लिहितो. आधी प्रतिसाद 1 मधील आक्षेपाकडे वळतो.

पाया हवा, हे निर्विवाद आहे. परंतु आधी सगळा पाया आणि मगच मोकळा प्रश्न, असा सरळ क्रम लावला, तर मोकळा प्रश्न शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सत्रापर्यंत येतच नाही, आणि तोवर विद्यार्थ्यांना प्रश्न दुसऱ्याकडून घेण्याची सवय जडलेली असते. मनु कपूर यांनी 2008 पासून ‘फलदायी अपयश’ या नावाने जे संशोधन केले आहे, ते इथे उपयोगी पडते. विद्यार्थ्यांना संकल्पना शिकवण्याआधीच तिच्यावर आधारलेला अवघड प्रश्न द्यायचा, त्यांना स्वतःच्या पद्धती रचू द्यायच्या, त्या अपुऱ्या पडू द्यायच्या आणि मग लगेच, त्यांच्याच प्रयत्नांचा आधार घेऊन, रीतसर शिकवायचे. अशा विद्यार्थ्यांना आकडेमोड इतरांइतकीच जमली आणि संकल्पनेचे आकलन व ती नव्या ठिकाणी वापरण्याची क्षमता अधिक चांगली दिसली. यात शिकवणे वगळलेले नाही, हे महत्त्वाचे. ते फक्त प्रयत्नानंतर आलेले आहे.

माझ्या मते पहिल्या वर्षी प्रश्न दिलेला असावा आणि पद्धत मोकळी असावी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखादी परिस्थिती द्यावी, ज्यातून प्रश्न विद्यार्थ्यांनी काढावा. अंतिम वर्षी परिस्थितीही त्यांनीच शोधावी. पहिल्या वर्षाचा प्रकल्प दोन-तीन आठवड्यांचाच असला तरी चालेल. मांडणी बदलण्याचा अनुभव एकदा तरी येणे हे त्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद 4 (इतिहासाच्या प्राध्यापिका)

चर्चा यंत्रे आणि उपकरणांभोवतीच फिरते आहे, म्हणून लिहिते. मानव्यविद्यांतही हेच घडते. ‘अमुक काळातील स्त्रीशिक्षण’ असा विषय दिला, की संदर्भग्रंथांतील प्रकरणांचे सार तयार होऊन येते. त्याऐवजी मी एखाद्या शाळेचे जुने हजेरीपत्रक समोर ठेवते आणि यातून विचारता येतील असे शक्य तेवढे प्रश्न लिहायला सांगते. एखादे नाव वर्षाच्या मध्येच का थांबते, एकाच आडनावाच्या मुली सलग का येतात, सुगीच्या महिन्यांत गैरहजेरी का वाढते, असे प्रश्न येऊ लागतात. त्यांतले बहुतेक प्रश्न उपलब्ध साधनांवरून सुटणारे नसतात, आणि कोणता प्रश्न सुटण्याजोगा आहे हे ओळखणे हेच पहिल्या महिन्याचे काम असते. आमच्या विषयात ‘उपाय’ नावाची गोष्ट नसल्यामुळे प्रश्नाचा दर्जा हाच कामाचा दर्जा ठरतो, त्यामुळे धागाकर्त्यांचे म्हणणे आम्हाला विशेष जवळचे वाटते.

प्रतिसाद 5 (मानसशास्त्राचे अध्यापक)

गटकार्याविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही. प्रकल्प म्हणजे गट, आणि गट म्हणजे एकत्र बसून कल्पना सुचवणे, असे आपण गृहीत धरतो. मायकल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी 1987 साली दाखवून दिले की एकत्र बसून मोठ्याने कल्पना मांडणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसे वेगवेगळी बसून कल्पना लिहितात, तेव्हा एकूण कल्पना अधिक निघतात. मुख्य कारण साधे आहे: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांच्या कल्पना विरून जातात किंवा क्षुल्लक वाटू लागतात. म्हणून पहिली वीस मिनिटे प्रत्येकाने एकट्याने, न बोलता लिहावे आणि त्यानंतरच कागद मध्यभागी ठेवावेत. अबोल विद्यार्थ्यांच्या कल्पना वर येण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

दुसरा प्रश्न अंग चोरण्याचा. बिब लॅटाने आणि सहकाऱ्यांनी 1979 साली टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांतून दाखवले की गट वाढतो तसा प्रत्येकाचा वैयक्तिक प्रयत्न घटतो. आपले योगदान वेगळे ओळखता येणार आहे असे माणसाला कळले, की ही घट कमी होते, हेही त्याच दिशेच्या पुढील संशोधनातून दिसले. चार-पाच जणांपेक्षा मोठे गट करू नयेत आणि प्रत्येकाच्या नावावर एक तरी निर्णय असावा, इतके जरी पाळले तरी गटप्रमुखाने सारे करायचे आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या, ही प्रथा बरीच आटोक्यात येते.

प्रतिसाद 6 (अभ्यासमंडळाचे सदस्य)

एकट्या शिक्षकाने हे किती काळ रेटायचे, हा माझा प्रश्न आहे. ज्या विद्यापीठांत हे टिकले, तिथे ते संपूर्ण संस्थेच्या रचनेत आणले गेले. डेन्मार्कमध्ये 1972 साली रॉस्किल्ड आणि 1974 साली ऑलबोर्ग ही विद्यापीठे स्थापन झाली, ती पहिल्यापासून गटप्रकल्पांवर उभारलेली आहेत. ऑलबोर्गमध्ये सत्राचा साधारण अर्धा वेळ प्रकल्पाला असतो, आणि त्या सत्रात शिकवले जाणारे विषय प्रकल्पाला पूरक असतात. अमेरिकेतील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने 1970 साली आपला अभ्यासक्रमच बदलला. तिथे तंत्रज्ञान आणि समाज यांच्या संबंधावरचा एक प्रकल्प विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेर जाऊन करावा लागतो आणि त्याला तीन विषयांइतके श्रेयांक असतात.

आपल्या बहुतेक ठिकाणी मात्र इतर सर्व विषय पूर्ण भाराने चालू ठेवून वर प्रकल्प लादला जातो. नकाशा काढून दर अर्ध्या तासाने खुणा करायला विद्यार्थ्याजवळ मोकळी दुपार असली पाहिजे. एखादा विषय कमी करून तो वेळ प्रकल्पाला देण्याचा प्रस्ताव आला, की प्रत्येक विभाग आपला विषय वाचवायला उभा राहतो, आणि चर्चा तिथेच अडते. या अडचणीवर कोणी मार्ग काढला असल्यास जरूर लिहावे.

प्रतिसाद 7 (संगणकशास्त्राचे अध्यापक)

प्रतिसाद 6 शी सहमत. आम्ही विषय कमी करू शकलो नाही, पण दोन विषयांचे सत्रकार्य प्रकल्पात विलीन केले. विदासंच आणि सॉफ्टवेअर चाचणी या दोन्ही विषयांच्या स्वतंत्र असाइनमेंट बंद करून त्याच गोष्टी प्रकल्पावर करून दाखवायच्या, असे ठरले. दोन्ही विषयशिक्षक प्रकल्पाच्या आढाव्याला एकत्र बसतात. यासाठी वरच्या मंजुरीची गरज लागली नाही, कारण अंतर्गत गुणांची विभागणी विभागाच्या अखत्यारीत होती. धागाकर्त्यांनी सुचवलेला वर्षागणिक क्रम मला मान्य होण्यासारखा आहे. माझा मूळ आक्षेप पहिल्या वर्षापासून सारेच मोकळे सोडण्याला होता.

प्रतिसाद 8 (अंतिम वर्षाची विद्यार्थिनी)

गुणदानाबद्दल लिहिणार होतात, त्याची वाट पाहत आहे. विशेषतः, शेवटी काहीच चालले नाही तर काय?

धागाकर्ता

उशीर झाला, पण हा भाग घाईत लिहायचा नव्हता.

आमच्याकडे प्रत्येक गट निर्णयांची नोंदवही ठेवतो. दैनंदिन हजेरीवजा नोंदी तिच्यात नको असतात. कोणता निर्णय घेतला, त्या वेळी दुसरे कोणते पर्याय समोर होते, कशाच्या आधारावर निवड केली आणि काय दिसले तर हा निर्णय आम्ही बदलू, या चार गोष्टी लिहायच्या, तारीख घालायची आणि ज्याचा निर्णय असेल त्याने खाली नाव लिहायचे. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण ती लिहून ठेवलेली असली, की पुढे दिशा बदलणे हा नियोजनाचा अभाव ठरत नाही, तो नियोजनाचाच भाग ठरतो.

आपण विचारलेल्या परिस्थितीचेच उदाहरण देतो. कुंडीतील मातीचा ओलावा मोजून रोपाला आपोआप पाणी देणारे यंत्र एका गटाने केले. अंतिम सादरीकरणाला ते चालले नाही. माती भिजलेली असतानाही मापक ती कोरडी असल्याचे दाखवत होता. नोंदवहीत मात्र आधीच्या आठवड्यांची नोंद होती की आकडे दिवसागणिक एकाच दिशेने सरकत आहेत, त्यामुळे मातीत काही बदल होतो आहे की मापकात, हे तपासण्यासाठी एक नवा मापक त्याच कुंडीत शेजारी रोवला. दोघांचे आकडे जुळले नाहीत. जुना मापक उपसून पाहिला, तेव्हा त्याच्या एका पात्यावरचा धातू खरवडल्यासारखा झिजलेला होता. त्यांनी शोध घेतला आणि कारण त्यांच्या हाती लागले: मापकातून विद्युतप्रवाह सतत एकाच दिशेने वाहत ठेवला, तर ओल्या मातीत विद्युतअपघटन होते आणि एक पाते हळूहळू खाऊन जाते. मोजायच्या क्षणापुरताच प्रवाह सोडावा किंवा मातीशी धातूचा थेट संपर्क न येणारा धारिता (कपॅसिटिव्ह) मापक घ्यावा, असे दोन पर्याय त्यांनी लिहिले होते. नवा मापक वेळेत आला नाही, एवढेच.

तोंडी परीक्षेत मी त्यांना यंत्र का चालले नाही हे विचारले नाही, ते नोंदवहीत होतेच. मी विचारले, ‘हे यंत्र वर्षभर उघड्यावर ठेवायचे असते, तर तुम्ही सुरुवातीलाच कोणता प्रश्न विचारला असता?’ गटातल्या सर्वांत अबोल मुलाने उत्तर दिले की आम्ही ओलावा मोजण्याच्या मागे लागलो, पण रोपाला पाणी कधी हवे हे कुंडीच्या वजनावरूनही कळले असते आणि वजन मोजायला मातीत काही रोवावे लागत नाही. न चाललेल्या प्रकल्पाने त्याला ही नवी मांडणी दिली होती. त्या गटाला चांगले गुण मिळाले, आणि बाह्य परीक्षकांनी नोंदवही वाचल्यावर त्यावर हरकत घेतली नाही.

गुणांची विभागणी सध्या अशी आहे: प्रश्नाची मांडणी आणि तिच्यात पुराव्यानिशी केलेले बदल यांना तीस टक्के, पर्यायांची विविधता आणि त्यांतील निवडीची कारणे यांना वीस, प्रत्यक्ष घडवलेल्या वस्तूला वा अहवालाला तीस, आणि वैयक्तिक तोंडी परीक्षेला वीस. तयार वस्तूचे गुण मी शून्यावर आणले नाहीत, कारण काहीतरी पुरे करून दाखवण्याची शिस्त गेली, तर प्रश्नांची मांडणीही पोकळ होते. गटाची परीक्षा एकत्र घ्यावी की वेगवेगळी, यावर मतभेद आहेत. डेन्मार्कमध्येही एकत्रित गटपरीक्षा मध्यंतरी काही वर्षे सरकारी निर्णयाने बंद होती आणि नंतर पुन्हा सुरू झाली. आम्ही सादरीकरण एकत्र आणि प्रश्न एकेकाला, असे करतो.

मोठ्या वर्गात एवढ्या नोंदवह्या वाचायच्या कशा, असा प्रश्न कोणी विचारेल, म्हणून तेही लिहितो. मी त्या पूर्ण वाचत नाही. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक गटाने आपल्याच नोंदींतून सर्वांत महत्त्वाचा एक निर्णय निवडून दुसऱ्या गटासमोर दहा मिनिटे मांडायचा आणि त्या गटाने त्यावर लेखी आक्षेप द्यायचे, अशी पद्धत आहे. मी ते आक्षेप वाचतो. चांगले आक्षेप घेणाऱ्यांना त्याचे गुण मिळतात, त्यामुळे ऐकणारेही जागे राहतात, आणि माझ्या हाती वाचायला गटामागे एकच पान येते. विषय बदलण्याचा अर्ज आम्ही रद्द केला आहे. नोंदवहीतील नोंदीवर मार्गदर्शकाची सही पुरते. आपल्या विभागात अर्जाची अट असेल, तर विद्यार्थी प्रतिनिधींनी ती काढून टाकण्याची मागणी सत्राच्या आरंभीच करावी. हवा असल्यास आमच्या नोंदवहीचा कोरा नमुना इथे टंकून देतो.